विद्यापीठाने आमची विहीर मोजावी

हवामानबदलाच्या प्रश्नावर विद्यापीठे आता समाजात जाऊन ‘जनजागृती’ करणार आहेत, असे हल्ली वारंवार ऐकू येते. परिपत्रके निघतात, परिसंवाद भरतात, वातानुकूलित सभागृहांत पृथ्वीच्या वाढत्या तापमानावर भाषणे होतात. हेतूविषयी आम्हांस शंका नाही. आमचा आक्षेप त्या एका शब्दालाच आहे. जागे करायचे ते निजलेल्याला. या प्रश्नात निजलेले कोण आहे, याचा निवाडा विद्यापीठाने स्वतःच्याच बाजूने आधी करून टाकला आहे, आणि तो आम्हांस मान्य नाही.

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील वाडीवाल्याला पाऊस बदलला आहे हे सांगावे लागत नाही. पाचूबंदर वा अर्नाळ्याच्या ज्या कोळीणबाईचे वलांडीवर घातलेले बोंबील अवकाळी सरीने एका रात्रीत नासतात, तिला कोणत्या फलकाची गरज आहे? सुकेळी करणाऱ्या घराला ऊन किती दिवस सलग मिळाले, हे वेधशाळेइतकेच नेमके ठाऊक असते, कारण त्यावर त्यांचे वर्षाचे पैसे अवलंबून असतात. अर्नाळा, कळंब, भुईगाव या किनाऱ्यांवर सुरूची झाडे मुळांसकट समुद्रात गेलेली लोकांनी पाहिली आहेत. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ आणि मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ अशी दोन चक्रीवादळे लागोपाठच्या वर्षी या किनाऱ्याने अनुभवली. जुलै २०१८ च्या पावसात वसईच्या मिठागरांतील शेकडो माणसे पाण्याने वेढली गेली आणि रेल्वे रुळांवरच थांबली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचे दाखवून दिले. शास्त्राचे म्हणणे आणि वाडीचे म्हणणे येथे एकमेकांशी जुळते. मग त्या दोघांची गाठ का पडत नाही?

एकच उदाहरण घेऊ. ते आमच्या दारातले आहे. बावखल हा शब्द वसईबाहेरच्या वाचकाला कदाचित नवा असेल. वाडीच्या कडेला खोदलेले, पावसाच्या पाण्याने भरणारे, बहुधा अनेक कुटुंबांच्या सामाईक मालकीचे ते तळे. गास, भुईगाव, निर्मळ, नंदाखाल, गिरीज, सांडोर या परिसरांत अशी कितीतरी बावखले होती आणि काही अजून आहेत. पावसाळ्यात चहूबाजूंचे पाणी त्यांत उतरते, हळूहळू मुरते आणि आसपासच्या विहिरींना गोडे पाणी पुरवते. राहाटाच्या काळात हा हिशोब आपोआप जमत असे, कारण राहाट एका दिवसात उपसून उपसून किती उपसणार? पुढे पंप आले, मग टँकर आले, सातबाऱ्यावर नावे वाढत गेली, आणि बावखल म्हणजे बुजवून चौरस फुटांच्या भावाने विकायची जागा असा नवा अर्थ रूढ झाला.

यात शास्त्र काय आहे ते पाहण्यासारखे आहे. किनाऱ्याच्या रेताड जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते वजनाला हलके. ढोबळ नियम असा की, भूजलाची पातळी समुद्रसपाटीहून एक फूट वर असेल तर समुद्रसपाटीखाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी तगून राहते. म्हणजे बेसुमार उपशाने वरची पातळी एक फुटाने उतरली तर खालून खारे पाणी कालांतराने चाळीस फूट वर सरकू शकते. आता समुद्राची पातळी वाढत आहे आणि पाऊस थोड्या दिवसांत धोधो पडून वाहून जात आहे. अशा वेळी मुरवणारी बावखले बुजवणे म्हणजे दोन्ही बाजूंनी दोर कापणे होय. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस टँकरविरोधात येथे जे आंदोलन उभे राहिले, ज्यातून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईची चळवळ महाराष्ट्रभर पोहोचली, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट होती. ‘हवामानबदल’ हा शब्द तेव्हा घरोघरी पोहोचलेला नव्हता. विहीर मात्र लोकांना कळत होती.

आम्ही विचारतो: गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या विहिरींची पातळी किती उतरली, कोणत्या महिन्यात किती खारटली, कोणते बावखल बुजवल्यावर कोणती विहीर बाद झाली, याची सलग, उघडी, सर्वांना वाचता येईल अशी नोंद गावागावांतल्या कोणाच्या घरी विद्यापीठाने पोहोचवली आहे? मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. वसई त्याच्याच अधिकारक्षेत्रात येते. भूगोल, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, अर्थशास्त्र शिकवणारे वर्ग आमच्याच गावांच्या पाऊलवाटांवर भरतात. त्या वर्गांतील मुले आमचीच. तीच मुले प्रयोगशाळेत क्षारतेचा प्रयोग करतात, तो नळाच्या पाण्यावर वा बाटलीतल्या द्रावणावर, आणि घरी येऊन आजीने खारट झाली म्हणून सोडून दिलेल्या विहिरीवरून पुढे जातात.

नियमांची मात्र वाण नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे. तीत विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास सेवा करायची असते. अध्यापन व संशोधन यांच्या जोडीला विस्तारकार्य हे विद्यापीठाचे तिसरे अंग आहे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ सालीच म्हटले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे २००३ पासून पदवीच्या सर्व शाखांना पर्यावरण हा विषय सक्तीचा झाला. २०२० साली आयोगाने समाजसंपर्कासाठी दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रमही आखून दिला. पन्नास वर्षांहून अधिक काळ कागदावर सर्व काही आहे. परिणामी दरवर्षी पर्यावरणाच्या प्रकल्पवह्या गठ्ठ्यांनी जमतात. त्यांतील पुष्कळशा एकमेकींच्या नकला असतात, आणि ध्रुवावरच्या वितळणाऱ्या बर्फाची चित्रे चिकटवलेल्या त्या वह्यांत आपल्या गावच्या तळ्याचे नावसुद्धा सापडत नाही. हा दोष आम्ही मुलांचा मानत नाही. जे मागितले ते त्यांनी दिले.

संशोधनाची तऱ्हा याहून वेगळी नाही. प्रश्नावल्या घेऊन माणसे येतात. जुनीजाणती मंडळी अर्धा दिवस मोडून त्यांना बसवून सांगतात, चहा देतात, वाडी दाखवतात. मग प्रबंध होतो, तोही इंग्रजीत, आणि कुठल्याशा ग्रंथालयाच्या फडताळात विसावतो. ज्याच्या स्मरणातून ती माहिती निघाली त्याला त्याचे एक पान मराठीत परत मिळत नाही. मालाची ने-आण करणारा टँकरवालासुद्धा पाण्याचे पैसे मोजत असे. येथे तेवढेही नाही.

प्राध्यापकवर्गाची बाजू आम्हांस ठाऊक नाही असे कोणी समजू नये. आमच्या घराघरांत शिक्षक आहेत. पदे वर्षानुवर्षे रिकामी, तासिका तत्त्वावर राबणारे तरुण अध्यापक, उत्तरपत्रिकांचे डोंगर, मूल्यांकन समितीसमोर मांडायच्या फायली. या सर्वांत गावच्या विहिरीवर कोण जाणार, हा प्रश्न रास्त आहे. परंतु याच फायलींसाठी मिरवणुका, भित्तिपत्रके आणि वृक्षारोपणाची छायाचित्रे तयार करण्यात जे तास जातात, त्यांची बेरीज कोणी केली आहे काय? आम्ही नवे तास मागत नाही. आहेत तेच तास खऱ्या कामाला लावा, एवढेच आमचे मागणे आहे. मूल्यांकनाला पुरावाच हवा असेल तर दहा वर्षांची विहिरींची नोंदवही हा पुरावा छायाचित्रापेक्षा कमी वजनाचा कसा?

हे होऊ शकत नाही, असे म्हणणाऱ्यांनी केरळकडे पाहावे. कोट्टयम जिल्ह्यात मीनच्चिल नदीच्या खोऱ्यात सामान्य नागरिक आणि शाळकरी मुले आपापल्या ठिकाणी पर्जन्यमापकाने पाऊस मोजतात, नदीची पातळी टिपतात आणि एकमेकांना कळवतात. वरच्या डोंगरात पाऊस किती झाला हे खालच्या गावाला वेळीच समजते. पुण्यातील हवामानशास्त्रज्ञांचे मार्गदर्शन त्यांना लाभले आहे. पण मोजणारे हात गावचे आहेत. आपल्या राज्यात अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार दरवर्षी पावसाच्या व भूजलाच्या नोंदी पाहून पाण्याचा ताळेबंद मांडतो आणि त्यावरून कोणते पीक घ्यायचे ते ठरवतो. सातारा जिल्ह्यातील रांदुल्लाबादमध्ये पुण्याच्या भूजलतज्ज्ञांनी गावकऱ्यांबरोबर जमिनीखालचे खडक समजावून घेतले, आणि नव्या कूपनलिका नकोत असा निर्णय गावानेच केला. या तिन्ही ठिकाणी शास्त्रज्ञ आहेत. ते शिकवायला गेले तसे शिकायलाही गेले, आणि पहिल्या पावसानंतर परतले नाहीत.

विद्यापीठाने काय करावे, हे आम्ही ढोबळपणे सांगत नाही. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या भोवतालची पन्नास विहिरी व असतील नसतील तेवढी बावखले निवडावीत. महिन्यातून एकदा दोरी टाकून पातळी मोजावी, आणि काही शे रुपयांत मिळणाऱ्या खिशातल्या यंत्राने क्षारता टिपावी. विहिरीच्या मालकाच्या सही-अंगठ्यानिशी ती नोंद एका वहीत आणि तिची एक प्रत त्या घरी राहावी. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी बुजलेल्या बावखलांच्या जागा वृद्धांना विचारून नकाशावर आणाव्यात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी सुकेळी, पानमळा, फुले आणि सुकी मासळी यांचे हंगामनिहाय नुकसान मांडावे. वर्षाकाठी हे सर्व मराठीत छापून गावात वाचले जावे. आणि हे काम एका प्राध्यापकाच्या उत्साहावर न ठेवता विभागाचे मानावे, म्हणजे त्यांची बदली वा निवृत्ती झाली तरी वही बंद पडणार नाही.

खरी कसोटी मात्र पुढेच आहे, आणि तेथेच विद्यापीठे मागे सरतील अशी आमची भीती आहे. मोजलेले आकडे कधी ना कधी कोणाच्या तरी आड येणार. विकास आराखड्याच्या सुनावणीत, भराव टाकलेल्या पाणथळ जागेच्या तक्रारीत, नाल्याच्या तोंडावर उभ्या राहिलेल्या इमारतीच्या प्रकरणात तीच वही पुरावा म्हणून उघडावी लागेल. तेव्हा संस्थाचालकांचे फोन येतील, देणगीदारांची नाराजी दिसेल. वृक्षारोपणाने कोणीही रागावत नाही. म्हणूनच ते इतके लोकप्रिय आहे. ज्या ज्ञानाने कोणाचीच गैरसोय होत नाही तेवढेच ज्ञान गावाला द्यायचे असेल, तर विद्यापीठाने ‘समाजसहभाग’ हा शब्द आपल्या अहवालांतून काढून टाकलेला बरा.

गावाकडेही देण्यासारखे पुष्कळ आहे. बहुतेक धर्मग्रामांत सभागृह आहे, युवक संघटना आहे, महिला मंडळ आहे, आणि रविवारी निम्मा गाव एका ठिकाणी येतो. एवढी सोय कोणत्याही विद्यापीठाच्या विस्तार विभागाला विकत मिळणार नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात पृथ्वीच्या घराविषयी जे मांडले, त्यावर आपल्याकडे प्रवचने झाली, अभ्यासवर्गही झाले. त्या अभ्यासवर्गांना आता गावच्या विहिरींची यादी जोडता येईल. कोणत्या आळीत किती विहिरी, कोणाच्या वाडीत बावखल, कोणाला जुन्या जागा आठवतात, हे धर्मग्रामाच्या समितीने कुटुंबवार लिहून काढावे आणि जवळच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांकडे स्वतः नेऊन द्यावे. त्यांच्या निमंत्रणाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. पालकांनीही महाविद्यालयाच्या पालकसभेत शुल्क आणि हजेरी यांपलीकडे हा एक प्रश्न विचारावा: आमच्या मुलाचा पर्यावरणाचा प्रकल्प आमच्या गावचा का नाही?

विहिरी वैशाखात तळाला लागतात, आणि खारटपणा तेव्हाच सर्वांत अधिक असतो. त्या सुमारास महाविद्यालयांच्या परीक्षा संपलेल्या असतात आणि मुले घरी असतात. पहिली नोंद येत्या मे महिन्यात, पाऊस येण्यापूर्वी व्हावी.