शोध लेकीचा, सही आईची

होम लोनला किती कागद लागतात, हे ज्यांनी नुकताच फ्लॅट बुक केलाय त्यांना सांगायला नको. पॅन, आधार, सॅलरी स्लिप, फॉर्म सोळा. वैताग येतो नुसता. पण त्या गठ्ठ्यातला एक रकाना आपण डोळे मिटून भरतो. आईचं नाव. तिथे पेन थांबत नाही.

आमच्या टीममध्ये सध्या एक जण आहे, तिचं पेन एक पिढी मागे थांबतं. ती स्विस आहे. काही महिन्यांसाठी पुण्याच्या ऑफिसला आलीय. मराठी शिकतेय, मिसळीबरोबर सॅम्पल दोनदा मागून घेते. दिसायला तुमच्या-माझ्यासारखी, त्यामुळे रिक्षावाले तिच्याशी थेट मराठीतच भांडतात. तिची आई १९७५ साली, अकरा महिन्यांची असताना, पुण्याहून झुरिकला गेली. दत्तक.

दत्तक आणि परदेश म्हटलं की आपल्याला पटकन लिसा स्थळेकर आठवते. १९७९ मध्ये पुण्यात जन्म, ‘श्रीवत्स’ या संस्थेतून दत्तक, पुढे ऑस्ट्रेलियाची स्टार ऑलराउंडर. वनडेत हजार धावा आणि शंभर विकेट्स घेणारी पहिली बाई. २०१३ चा वर्ल्ड कप मुंबईत जिंकला आणि रिटायर झाली. मस्त स्टोरी. संस्थेत तिचं नाव ‘लैला’ होतं, तेही संस्थेनेच ठेवलेलं. म्हणजे जुन्या फाइलीत बाळाचं नाव सापडलं, तरी ते आईने ठेवलेलं असेलच असं नाही. शोधणाऱ्याला पहिला धक्का इथेच बसतो.

दुसरी स्टोरी एवढी मस्त नाही. अरुण डोहले १९७३ मध्ये पुण्याहून जर्मनीत दत्तक गेले. मोठे झाल्यावर त्यांनी स्वतःची फाइल मागितली. त्यासाठी मुंबई उच्च न्यायालय, मग सर्वोच्च न्यायालय. आई भेटेपर्यंत १७ वर्षं गेली. आपण पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनला १७ दिवस लागले तरी स्टेटस टाकतो.

एवढा वेळ का लागतो? कारण ‘फाइल’ असं आपण एकवचनात म्हणतो, पण ती एका जागी नसते. त्या काळी परदेशी जोडप्याला इथे दत्तक घेता येत नसे. १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंसाठी, त्यात बौद्ध, जैन, शीख आले, बाकीचे नाहीत. म्हणून १८९० चा पालकत्वाचा कायदा वापरायचे. इथल्या कोर्टाने फक्त पालक नेमायचे, बाळाने भारतीय पासपोर्टवर उडायचं आणि खरं दत्तकविधान तिकडच्या कायद्याने व्हायचं. त्यामुळे एक कागद संस्थेत, एक कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये, एक तिकडच्या एजन्सीकडे आणि एक तिकडच्या सरकारी दप्तरात. बरं, १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात न्यायमूर्ती भगवतींनी नियम घालून देईपर्यंत या सगळ्याला धड शिस्तही नव्हती. केंद्राची ‘कारा’ आली १९९० मध्ये.

आमच्या कलीगच्या हातात यातला एकच कागद होता. कोर्टाच्या ऑर्डरची प्रत. त्यात ठिकाण म्हणून दोन शब्द: ‘धुलिया डिस्ट्रिक्ट’. कोणी आणलं, का आणलं, काही नाही.

१५ ऑगस्टला जोडून आलेल्या वीकेंडला आमची गँग तोरणमाळला निघाली, तर ही आधी गाडीत बसलेली. तिने नकाशा पाठ केला होता. तोरणमाळ आज नंदुरबार जिल्ह्यात आहे, पण हा जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्याआधी सगळं धुळ्यात, आणि त्याच्याही आधी पश्चिम खानदेश. म्हणजे १९७५ च्या कागदावरचं ‘धुलिया’ म्हणजे आजचे दोन जिल्हे. धडगावचा तालुका तर कागदोपत्री अक्राणी. एवढ्या मोठ्या मुलखात दोन शब्दांवरून माणूस शोधायचा. तोरणमाळशी तिच्या आईचं काही नातं आहे, असं ती एकदाही म्हणाली नाही. तिला फक्त त्या दोन शब्दांच्या आत एकदा उभं राहायचं होतं.

शहाद्याहून घाट चढलो. सीताखाईवर धुकं, यशवंत तलावावर पाऊस, फोटो काढून झाले. तलावापाशी एक आजी मक्याची कणसं भाजत होत्या. त्यांनी हिच्याकडे नीट बघून काहीतरी विचारलं. आमच्या ड्रायव्हरदादांनी मराठी केलं. “विचारतात, ही कुणाची?” हिने शिकलेल्या मराठीत सांगितलं, “माझी आई इकडची. पण गाव माहीत नाही.” आजींना त्यात काही नवल वाटलं नाही. दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला गुजरातेत जातं, म्हणाल्या, पोरं तिकडेच होतात.

परतीच्या वाटेवर मी त्याचाच विचार करत होतो. जन्माची नोंद १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्म जिथे झाला तिथे होते. बाई धडगावची आणि बाळंतपण सुरतेकडच्या उसाच्या फडात, तर नोंद गुजरातेत, झालीच तर. म्हणजे कागद नसायला दत्तकच जावं लागतं असं नाही.

पण दत्तक गेलेल्यांचं एक वेगळं आहे. त्यांच्या बाबतीत कागद केले गेले, ते बाळ पाठवण्यासाठी. ते बाळ एक दिवस परत येऊन विचारेल, हे धरून कोणी लिहिलंच नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९७३ ते २००२ या काळात भारतातून सव्वादोन हजारांहून जास्त मुलं गेली. झुरिक आणि थुरगाऊ या दोन कँटननी त्याचा अभ्यास करून घेतला, तो २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. तपासलेल्या फाइलींत जन्मदात्या आईच्या संमतीचा कागद सापडला नाही. अभ्यासाचं नावच ‘आई अज्ञात’ अशा अर्थाचं आहे. आमची कलीग तो वाचूनच इकडची पोस्टिंग मागून आली.

मग अडलं कुठे? नियमात. भारताच्या दत्तक नियमावलीत याला ‘रूट सर्च’ म्हणतात. दत्तक गेलेल्या माणसाला तो हक्क आहे आणि ‘कारा’पासून संस्थेपर्यंत सगळ्यांनी मदत करायची आहे. पण अर्ज त्याने स्वतः करायचा. तिसऱ्या माणसाने केलेला शोध चालत नाही. आणि जन्मदात्या आईने नाव गुप्त ठेवा म्हटलं असेल, तर तिची लेखी परवानगी लागते. ती नाही म्हणाली किंवा सापडलीच नाही, तर बाळ कोणत्या परिस्थितीत सोडलं, एवढं तरी सांगायचं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला. स्वतःच्या आजीच्या बाबतीत नात तिसरी कशी? पण दोन दिवस विचार केल्यावर नियम पटला. समजा, ती बाई आज सत्तरीची आहे. तिचा संसार आहे, सुना-नातवंडं आहेत आणि १९७५ बद्दल घरात कोणालाच माहीत नाही. तिच्या दारावर कोणी थाप मारायची, हे उत्साही नातीने ठरवायचं का? आणि झुरिकमधली आई? तिला हे हवंय का, हे कोणी विचारलं होतं? हिने विचारलंच नव्हतं. तिला आईला वाढदिवसाचं सरप्राइज द्यायचं होतं!

तोरणमाळहून आल्यावर तिने आईला फोन केला. कॅबिनमध्ये बसून दीड तास. आई आधी गप्प, मग चिडली, मग चार दिवस फोन नाही. पाचव्या दिवशी मेसेज आला. अर्ज मी करते. पण मला कागद हवेत, पत्ता नको. मला कोणी सोपवलं, तेव्हा माझं वजन किती होतं, मी आजारी होते का, एवढंच. दार वाजवायचं नाही.

अर्ज गेलाय. उत्तर यायचंय.

तुमच्या ओळखीत असं कोणी असेल, मामी, काका, बॉस, तर त्यांच्या वतीने गुगल करत बसू नका. आधी त्यांना विचारा, मग वाट बघा. ते हो म्हणाले तर मात्र उशीर करू नका. कागद रेकॉर्ड रूममध्ये आणखी काही वर्षं कदाचित टिकेल, पण १९७५ मध्ये तो लिहिणारी माणसं आता फार थोडी उरली असतील.