ट्रक ड्रायव्हरसाठी आठ तासांचा कायदा आहे, मग पाटोद्याची गाडी रात्रभर का पळते?

पाटोद्यातून जामखेडच्या दिशेनं रात्री कधीही निघा, रस्त्यावर ट्रक दिसणारच. कुणी नगरमार्गे पुण्या-मुंबईकडे चाललेला असतो, कुणी उलट दिशेनं मांजरसुंब्याला सोलापूर-धुळे हायवे गाठायला. त्यातला ड्रायव्हर स्टेअरिंगवर कधीपासून बसलाय, हे विचारणारं रस्त्यात कुणीच नसतं.

आणि तरीही या प्रश्नावर कायदा आहे. तोही आजचा नाही, 1961 चा.

कायदा नेमकं काय सांगतो?

मोटार परिवहन कामगार कायदा, 1961 नुसार ड्रायव्हरला दिवसाला 8 तास आणि आठवड्याला 48 तासांपेक्षा जास्त काम देता येत नव्हतं. लांब पल्ल्याच्या मार्गांसाठी परवानगी घेतली, तर 10 आणि 54 तास. सलग पाच तास काम झालं की किमान अर्धा तास विश्रांती. सकाळी कामाला लागल्यापासून सुटेपर्यंतचा सगळा वेळ, विश्रांती धरून, 12 तासांच्या आत. आठवड्यातून एक सुट्टी. ओव्हरटाइमला दुप्पट पगार. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 91 नेही ड्रायव्हरच्या तासांसाठी याच कायद्याकडे बोट दाखवलं.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि 1961 चा कायदा त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. आठ तासांचं तत्त्व कायम राहिलं. एक आकडा मात्र बदलला, आणि पाटोद्यासाठी तोच महत्त्वाचा आहे.

पाच कामगारांवरून दहा

जुना कायदा पाच किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायाला लागू होता. नव्या संहितेत ही मर्यादा दहा आहे.

आता आपल्या भागातला ट्रकमालक डोळ्यासमोर आणा. एक गाडी, फार तर दोन-तीन. गाडीवर फायनान्सचा हप्ता. ड्रायव्हर भावकीतला किंवा गावातला, बऱ्याचदा मालक स्वतःच स्टेअरिंगवर. अशा मालकाकडे दहा कामगार कुठून येणार? देशातल्या ट्रकमालकांमध्ये मोठा वाटा अशाच छोट्या मालकांचा आहे. म्हणजे तासांची मर्यादा कागदावर आहे, पण ज्याला तिची गरज आहे तो बहुतेक वेळा तिच्या बाहेरच राहतो.

एका खेपेचा हिशेब

समजा, पाटोद्यातून कांदा भरून गाडी वाशी मार्केटला न्यायची आहे. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. दुपारी दोनला गाडी भरायला लागली. हमाली, वजनकाटा, ताडपत्री, दोर बांधणं होईपर्यंत सात वाजले. भरलेली गाडी घाट, गावं आणि ट्रॅफिक धरून तासाला सरासरी 35 ते 40 किलोमीटर काढते. म्हणजे वाशीला पोचायला पहाटेचे चार-पाच. गाडी खाली होईपर्यंत सकाळचे नऊ.

दुपारी दोन ते सकाळी नऊ, एकोणीस तास. 1961 च्या नियमानं ड्रायव्हरचा दिवस रात्री दोनलाच संपला असता. पण रात्री दोनला कांदा रस्त्यात उभा करून झोपायचं, तर सकाळचा बाजार गेला.

मग ड्रायव्हर काय करतात?

क्लिनरच्या हातात स्टेअरिंग देऊन तासभर डोळा लावतात, त्याच्याकडे अवजड वाहनाचं लायसन्स असो-नसो. ढाब्यावर अर्धा तास आडवे होतात. चहा, तंबाखू, तोंडावर पाणी हे नेहमीचं. सेव्ह लाइफ फाउंडेशनच्या 2020 च्या पाहणीत ड्रायव्हर दिवसाला सरासरी जवळपास 12 तास गाडी चालवत असल्याचं आढळलं, आणि थकवा किंवा झोप येत असतानाही गाडी चालवत असल्याचं जवळपास निम्म्यांनी मान्य केलं.

हा निव्वळ बेफिकिरीचा प्रश्न नाही. कायदा तास मोजतो, धंदा खेपा मोजतो. पगार आणि भत्ता खेपेवर ठरत असेल, तर थांबलेला प्रत्येक तास ड्रायव्हरच्या खिशातून जातो.

यावर साधा उपाय होता, जोडीला दुसरा ड्रायव्हर. नॅशनल परमिटच्या गाड्यांवर दोन ड्रायव्हर ठेवण्याचा नियमच होता. ड्रायव्हर मिळत नाहीत, खर्च वाढतो अशी ओरड होती. 2018 मध्ये ती अट काढून टाकली गेली.

थांबणं म्हणजे विश्रांती?

दसऱ्यानंतर बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, तेव्हा इथल्या अनेक गाड्याही ऊस वाहायला कारखान्यांवर जातात. तिथे ड्रायव्हरचा मोठा वेळ यार्डात नंबर लागण्याची वाट बघण्यात जातो. रांग पुढे सरकली की उठायचं, गाडी चार हात पुढे घ्यायची, पुन्हा केबिनमध्ये पडायचं.

1961 च्या कायद्यात कामाच्या तासांची जी व्याख्या होती, तिच्यानुसार टर्मिनलवर नुसतं हजर राहण्याचा वेळ 15 मिनिटांपेक्षा कमी असेल तरच तो कामात धरला जायचा. त्याहून लांबलेला वेळ मोजणीतून बाहेर. एसटीच्या ड्रायव्हरला स्टँडवर दोन तास मोकळे मिळत असतील तर हे पटू शकतं. पण रांगेतल्या तुटक झोपेलाही विश्रांती म्हणायची वाट यातून मोकळी राहते.

बाहेर काय होतं?

युरोपीय संघात दिवसाला 9 तास ड्रायव्हिंग, आठवड्यातून दोनदा 10 तास चालतं. साडेचार तासांनी 45 मिनिटं थांबावंच लागतं, आणि गाडीतला टॅकोग्राफ हे सगळं नोंदवतो. अमेरिकेत 11 तासांची मर्यादा आहे आणि डिसेंबर 2017 पासून इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची आहे. पण तिथल्या अभ्यासात एक गोष्ट समोर आली. तास पाळले जाऊ लागले, तरी अपघात कमी झाल्याचं दिसलं नाही. उलट छोट्या मालकांच्या गाड्यांचे वेग मर्यादा ओलांडण्याचे प्रकार वाढले. घड्याळ लावलं आणि खेपेचा हिशेब तोच ठेवला, की ड्रायव्हर वेळ वेगातून भरून काढतो.

आपल्याकडे मोजणं अवघड आहे का?

मालाची वेळ तर आपण मोजतोच. ई-वे बिलाची मुदत साधारणपणे 200 किलोमीटरला एक दिवस असते. फास्टॅगमुळे गाडीनं कोणता टोलनाका किती वाजता ओलांडला, याची नोंद होते. बऱ्याच गाड्यांना जीपीएस आहे. म्हणजे गाडी किती तास पळाली हे सांगता येतं. फक्त त्या वेळात स्टेअरिंगवर कोण होतं, हे कुणी लिहीत नाही.

एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठानं यात लक्ष घातलं. ड्रायव्हरचे कामाचे तास हे अपघातांशी थेट जोडलेले आहेत, त्यामुळे आठ तासांच्या नियमाची अंमलबजावणी कशी करायची ते ठरवा, असं केंद्राला आणि राज्यांना सांगितलं.

सध्या मात्र झोप लागून अपघात झाला, कुणाचा जीव गेला, तर निष्काळजीपणाचा गुन्हा ड्रायव्हरवर लागतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(1) खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ही खेप कुणी, किती वेळात मागितली होती, हा प्रश्न तिथे सहसा येत नाही.

तुम्ही ड्रायव्हर असाल तर

मालकाकडे दहा किंवा जास्त कामगार असतील, तर नेमणूकपत्र मागा. ते देणं नव्या संहितेनुसार बंधनकारक आहे. तुमच्या संमतीशिवाय ओव्हरटाइम करून घेता येत नाही, आणि केलात तर मोबदला दुप्पट दरानं मिळायला हवा. दहापेक्षा कमी असतील, तरी गाडी भरल्याची, निघाल्याची, पोचल्याची आणि खाली झाल्याची वेळ रोज एका वहीत लिहून ठेवा. उद्या वाद झाला किंवा अपघात झाला, तर तुमच्या बाजूनं बोलायला किमान ती वही असेल.