२१ गिअर, पण डोंगर कुठाय?

भाईंदर हे मुळात मिठागरांचं गाव. मीठ पिकवायला जमीन सपाट लागते, आणि भरतीचं पाणी आत घेता येईल इतकी खालीही लागते. म्हणजे आपण राहतो ती जमीन किती सपाट आहे याचं सर्टिफिकेट आगरवाल्यांनी बिल्डर यायच्या कित्येक पिढ्या आधीच देऊन ठेवलंय. तरीही मीरा रोड-भाईंदरच्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. जिन्याखाली चार-पाच एमटीबी धूळ खात पडलेल्या दिसतील. एमटीबी म्हणजे माउंटन बाईक. माउंटन! अहो, आपल्या रोजच्या रस्त्यावरचा सगळ्यात मोठा चढ म्हणजे फ्लायओव्हर.

पुढे-मागे शॉकअप, ट्रॅक्टरला शोभतील असे टायर, दांड्यावर लिहिलेलं '२१ स्पीड'. आणि अर्ध्याअधिक सायकलींचे गिअर गंजून एकाच जागी अडकलेले. म्हणजे त्या सिंगल स्पीड झालेल्याच आहेत, फक्त मालकाला पत्ता नाही. :)

माझं म्हणणं सरळ आहे. मीरा-भाईंदरात राहणाऱ्या धडधाकट माणसाला एक गिअर पुरतो. बाकीचे वीस त्याला विकले जातात. आणि तो एक गिअर स्वतःच्या हाताने बसवावा, म्हणजे सायकल खऱ्या अर्थाने आपली होते.

आधी त्या २१चा हिशोब करू. पुढे ३ चेनव्हील, मागे ७, म्हणून ३ गुणिले ७. शाळेतलं गणित म्हणून बरोबर, पण जाहिरात म्हणून फसवं. पुढे ४२, ३४, २४ दाते आणि मागे १४, १६, १८, २०, २२, २४, २८ असा नेहमीचा संच घ्या. ४२ ला २८ ने भागा, दीड. २४ ला १६ ने भागा, परत दीड. म्हणजे हे दोन 'वेगळे' गिअर हुबेहूब एकच आहेत. ४२/२० आणि ३४/१६ यांत पायाला कळेल असा फरक नाही. ४२/२२ आणि ३४/१८ ची तीच गत. असे जुळे काढून टाकत गेलात की हातात राहतात साधारण १४. त्यातही चेन एकदम तिरकी होते म्हणून टाळायचे काही. जे उरतात त्यातले स्टेशनला जाता-येता वापरता किती? दोन. फार तर तीन. आपल्या धंद्यात याला 'फीचर' म्हणतात आणि क्लायंटला त्याचंही बिल लावतात.

आता एका गिअरचं गणित. पुढे ३२ दाते, मागे १६, चाक २६ इंची. पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचे दोन फेरे, म्हणजे सुमारे ४.१५ मीटर. मिनिटाला ७० फेरे मारा, अगदी गप्पा मारत मारता येतात, वेग होतो ताशी साडेसतरा किलोमीटरच्या आसपास. संध्याकाळी सातला स्टेशन रोडवर याहून जास्त वेगाने जाणारं एखादं वाहन दाखवा, माझ्यातर्फे वडापाव.

तुम्ही म्हणाल, पण माउंटन बाईकला गिअर हवेतच ना? थोडा इतिहास बघा. १९७६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत 'रिपॅक' नावाची डोंगरउताराची शर्यत सुरू झाली. माउंटन बायकिंगचा उगम सांगताना तिचं नाव हटकून येतं. त्या पोरांकडे होत्या १९३०-४० च्या काळातल्या भंगारातल्या जाड टायरच्या सायकली. बहुतेकांना गिअर एक आणि ब्रेक मागच्या हबमध्ये. उतार संपेपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं, ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून नाव 'रिपॅक'. पुढे त्याच मंडळींनी गिअर लावले, कारण सायकल ट्रकात टाकून वर न्यायचा कंटाळा आला आणि त्यांना डोंगर चढायचा होता. अगदी बरोबर केलं. गरज होती, गिअर लावले. आपण गरज नसताना लावले, एवढाच फरक. नव्वदच्या दशकात चिखलाला आणि सेटिंगच्या कटकटीला वैतागून काही लोक मुद्दाम एका गिअरवर परत गेले. तेव्हापासून त्यांची स्वतःची जागतिक स्पर्धाही भरते, आणि जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून टॅटू काढून घ्यावा लागतो. वेडे आहेत, पण त्यांचं कारण वेडं नाही.

ते कारण आपल्याला तर दुप्पट लागू आहे. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, मधे मिठागरं. हवेतच मीठ. त्यात चार महिने पाऊस. डिरेलर म्हणजे दोन स्प्रिंगा, दोन छोटी चाकं, डझनभर बारीक पिना आणि एक केबल. खाऱ्या दमट हवेत पहिली केबल जड होते, मग स्प्रिंग आळसावते, मग गिअर टाकला की तीन सेकंदांनी पडतो, तोही दुसराच. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे नेलीत तर तो लांबूनच हात जोडतो, "गिअरची आहे, शोरूमला न्या." शोरूम म्हणतं पार्ट मागवावा लागेल. मग सायकल जिन्याखाली जाते आणि तुम्ही शेअर रिक्षाच्या लायनीत.

म्हणून म्हणतो, ती जिन्याखालची सायकल बाहेर काढा आणि उघडा. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी आपण सगळ्यांनी वर्कशॉपमध्ये फायलिंगचा जॉब केलाय (ज्यांनी तो विकत आणला त्यांनी हात वर करू नयेत). तेवढं ज्ञान पुरतं. मागचं सात चकत्यांचं फ्रीव्हील काढायचं, दुकानात त्याला फ्रायव्हील म्हणतात. त्या जागी १६ किंवा १८ दात्यांचं साधं, एका चकतीचं. स्वस्तातल्या बहुतेक गिअरच्या सायकलींत ते त्याच आट्यांवर बसतं. किंमत दोन-तीनशे रुपये. पुढच्या तीनपैकी जे चेनव्हील मागच्या दात्यांच्या सरळ रेषेत येतं ते ठेवायचं. संपूर्ण कामातली नाजूक गोष्ट हीच. रेषा तिरकी राहिली तर चेन आवाज करते आणि पडते. थोडा फरक असेल तर एक्सलवरचे वॉशर इकडचे तिकडे करायचे आणि मिस्त्रीकडून चाकाचा आऊट काढून घ्यायचा.

मग चेन तोडून योग्य लांबीची करायची आणि ताणायची. आपल्या काळ्या सायकलीला मागचे नट ढिले करून चाक मागे ओढलं की काम झालं, हे लहानपणी सगळ्यांनी पाहिलंय. एमटीबीच्या फ्रेममध्ये चाक ओढायला बऱ्याचदा जागा नसते. तिथे जुना डिरेलरच कामाला लावायचा. त्याचे दोन स्क्रू पिळून एका जागी जाम करायचा, तो फक्त चेन ताणून धरतो. आयुष्यात पहिल्यांदा भरवशाचं काम करतो बिचारा. ब्रेक मात्र दोन्ही ठेवायचे आणि दोन्ही चांगले ठेवायचे. बिनब्रेकची स्टाईल मारायला आपले रस्ते नाहीत.

आता विरोधी पक्ष. गुडघ्याचा त्रास आहे? गिअर घ्या, खुशाल. सामान लादून माळशेज किंवा कसारा चढायचाय? गिअर हवेतच. पण रविवारी सकाळी मोर्वा, मुर्धा, राई करत डोंगरी-उत्तनला जायचंय, चौकला धारावी किल्ल्यावर चिमाजी अप्पांच्या पुतळ्यापर्यंत पोचायचंय, तर १८ दाते पुरे. शेवटच्या चढाला पेडलवर उभं राहायचं. फारच झालं तर उतरून चालायचं, त्यात इज्जत जात नाही. काशिमीऱ्याहून गायमुखचा घाटही तसाच चढता येतो. दम लागतो. दम लागावा म्हणूनच तर निघालो होतो ना?

दुसरा आक्षेप मला जास्त पटतो. हे सिंगल स्पीड प्रकरणही फॅशनच की! खरंय. मॅट ब्लॅक फ्रेम, चामड्याची सीट, 'मिनिमल' असा शब्द आणि किंमत पन्नास हजार. गिअर काढून टाकायचे पैसे घेणारे लोक गिअर विकणाऱ्यांचे सख्खे भाऊ आहेत. ती घेऊ नका. सकाळी सहाला तुमच्या बिल्डिंगखाली जो पाववाला येतो त्याची सायकल बघा. काळी, दांड्याची, साधारण पुढे ४४ दाते, मागे १८, कॅरिअरवर पावांची भली मोठी टोपली. तो तिला सिंगल स्पीड म्हणत नाही. सायकल म्हणतो. पावसात चालवतो, बिघडली तर रस्त्याच्या कडेला उलटी करून स्वतः नीट करतो, आणि आठपर्यंत त्याचा धंदा आटपलेला असतो. आपण त्याच रस्त्यावर हेल्मेट, हातमोजे आणि २१ गिअर घालून उतरतो, त्याला ओव्हरटेक करतो, आणि ऑगस्टपर्यंत आपली सायकल बंद.

माझा राग खरं तर गिअरवर नाहीच. राग याचा आहे की आपल्याला पटवलं गेलंय, की आपल्या हाताने दुरुस्त होते ती वस्तू गरिबाची आणि जी होत नाही ती प्रगत. नव्वदच्या दशकात हिरो रेंजर, हर्क्युलिस एमटीबी आल्या तेव्हा सरळ हँडल आणि जाड टायर म्हणजे एमटीबी, एवढंच आपल्याला ठाऊक होतं, आणि गल्लीतल्या बहुतेकींना गिअर एकच होता. पोरं दिवसभर उंडारायची आणि चेन पडली की काळ्या हातांनी बसवायची. तीच पोरं आज सर्व्हर सांभाळतात आणि चेन पडली की व्हिडिओ शोधतात.

या गावात स्टेशन घरापासून दोन-तीन किलोमीटर आहे आणि जमीन सपाट आहे. सायकलसाठी याहून सोयीचं गाव शोधून सापडायचं नाही. रस्ता रुंद व्हायची किंवा मेट्रोने सगळं सुटायची वाट बघत बसण्यापेक्षा एक पाना, एक फ्रीव्हील आणि एक रविवार खर्च करा. सोमवारी स्टेशनला सायकलने जा. चेनला तेल आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात दोनदा. मेंटेनन्स संपला.