दोन मीटरवरून

आमच्या घरात गेले दोन महिने एकच विषय आहे, कॅमेरा. भाची मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि शिक्षणासाठी आमच्याकडे मुंब्र्याला राहते. तिला रस्त्यावरचे फोटो काढायचे आहेत. शिकवणीचे आणि दोन वर्षांच्या ईदीचे मिळून ४५ हजार रुपये तिने जमवले. पैसे तिचे, पण दुकानात जायचे आम्ही. "मामू, तुम्हाला घासाघीस येते," एवढीच आमची पात्रता.

हे वेड लागले त्याला कारण आहे. गेल्या रमजानमध्ये आम्ही सगळे मिनारा मशिदीच्या गल्लीत गेलो होतो. मालपुवा आला. आमच्या आपाने, म्हणजे भाचीच्या अम्मीने, खाण्यापुरता नकाब खाली घेतला. तेवढ्यात रस्त्यापलीकडून कुणीतरी लांबलचक लेन्स रोखून तिला टिपले. भाचीने पाहिले, ती धावली, तोवर तो माणूस गर्दीत नाहीसा झाला. तो फोटो कुठे गेला, कुणी पाहिला, आपाला आजही ठाऊक नाही. परतताना ट्रेनमध्ये ती एक शब्द बोलली नाही. भाची मात्र म्हणाली, "आपल्या मोहल्ल्याचे फोटो कुणीतरी काढणारच. मग मीच का नको?"

बोरा बाजारातल्या पहिल्याच दुकानात आमच्यापुढे दोन लेन्सचा संच आला. त्यातली एक ५५ ते २५० मिमीची. दुकानदार म्हणाला, "दूर से लो, किसी को पता भी नहीं चलेगा." भाचीने आमच्याकडे पाहिले. मागवलेला चहा येण्याआधीच आम्ही उठलो.

घरी येऊन कागदावर हिशेब मांडला. मास्तरांना दुसरे काय येते? कॅमेऱ्याचा सेन्सर जुन्या ३५ मिमी फिल्मपेक्षा लहान असल्याने २५०ची ती लेन्स प्रत्यक्षात ४०० मिमीसारखे चित्र देते. तिने उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत भरायचा, तर पंचवीस-तीस मीटर दूर उभे राहावे लागते. २८ मिमीच्या लेन्सने तोच माणूस तसाच भरायचा, तर जेमतेम दोन मीटरवर जावे लागते. दोन मीटरवरून माणूस आपल्याला पाहतो, विचारतो, नको असेल तर हात आडवा करतो. आपाला तेवढेच हवे होते.

मग शोध सुरू झाला तो एकाच न बदलणाऱ्या लेन्सच्या लहान कॅमेऱ्याचा. यात नवे काही नाही. १९२५ साली लायका बाजारात आला तेव्हापासून हातात मावणारा कॅमेरा घेऊन लोक रस्त्यावर फिरत आहेत आणि कार्तिए-ब्रेसाँने बहुतेक काम ५० मिमीच्या लेन्सवर केले. फुजीफिल्मची एक्स १०० मालिका आम्हाला फार आवडली. ३५ मिमीसारखे चित्र, डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर, शटरचा आवाज जवळजवळ नाहीच. पण नवा एक्स १०० सहा आमच्या आवाक्याबाहेर. शेवटी रिको जीआर २ वर मन बसले. २०१५ सालचा, १६ मेगापिक्सेलचा, वजनाला पाव किलो, कुर्त्याच्या खिशात जाणारा. सेन्सर त्या मोठ्या संचातल्या कॅमेऱ्याएवढाच.

त्याला व्ह्यूफाइंडर नाही आणि भर उन्हात पडद्यावर फारसे दिसत नाही. आम्ही नाराज होतो. भाचीचे म्हणणे, "बरेच आहे, माझा चेहरा झाकला जाणार नाही. समोरच्याला मी दिसले पाहिजे." लहान कॅमेरा चोरून फोटो काढायलाही सोयीचा, ही शंका आम्ही बोलून दाखवली. ती तिने नाकारली नाही. कॅमेरा गळ्यात बाहेर लटकवायचा, असे ठरले.

जुना घेताना धुळीकडे बघा. ही लेन्स बाहेर-आत सरकते, तिच्याबरोबर आत धूळ जाते आणि लेन्स निघत नसल्याने घरी साफ करता येत नाही. छिद्र एफ/१६ वर नेऊन पांढऱ्या भिंतीचा फोटो काढायचा आणि मोठा करून पाहायचा. पहिल्या नगात चार काळे ठिपके निघाले. दुसरा स्वच्छ होता. तो घेतला, जादा बॅटरीही घेतली. घासाघिशीत आमची अब्रू राहिली.

वापरायची रीत सोपी आहे. छिद्र एफ/८, स्नॅप फोकस दोन मीटरवर. मग साधारण मीटरभरापासून दूरपर्यंतचे पुरेसे स्पष्ट येते, फोकस शोधत बसावे लागत नाही. चालणारी माणसे असतील तर शटर १/२५० च्या खाली नको. रात्री ठेल्यांच्या दिव्यात छिद्र एफ/२.८ पर्यंत उघडायचे, आयएसओ ३२०० करायचा आणि थोडे दाणे सोसायचे. ज्यांच्याकडे एवढे पैसे नाहीत त्यांनी फोनचा मुख्य कॅमेरा घ्यावा आणि महिनाभर झूमला बोट लावू नये. सराव तोच.

परवा आपा आली होती. भाचीने बाजारात काढलेले फोटो तिला दाखवले: सुरमावाला, बर्फ फोडणारा मुलगा, नानखटाईची भट्टी. एकात आपा स्वतः होती, कोथिंबीर निवडताना, हसत. तिने तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "हा ठेव. पुढचा काढून टाक, त्यात ओढणी सरकलीये."

भाचीने तिच्यासमोरच तो काढून टाकला.