मोजपट्टी वजनाची की वयाची?

कोकणच्या मासळीबाजारात हातभर लांबीच्या दोन मुशी एकाच टोपलीत पडलेल्या असतात. एक आपली नेहमीची छोटी मुशी; दुसरी हातोड्यासारख्या डोक्याची, म्हणजे हॅमरहेड. तराजूला दोहोंत भेद दिसत नाही. वस्तुतः पहिली पूर्ण वाढलेली असते. ती जात एक-दोन वर्षांतच प्रजननक्षम होते. दुसरी मात्र नुकते जन्मलेले पिल्लू असते. ते जगते तर तीन मीटरांच्या आसपास वाढते. आणि या जातीच्या मादीस वयात येण्यास बहुतेक अभ्यासांनुसार दशकभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो.

शार्क वाढतो म्हणजे केवळ लांब होतो असे नव्हे. त्याचा आहार, त्याचे ठिकाण आणि समुद्राच्या व्यवहारातील त्याचे कार्य, सारेच पालटते. हवाई बेटांतील कानेओहे उपसागरात हॅमरहेडची पिल्ले उथळ, गढूळ पाण्यात राहून तळाची कोळंबी आणि लहान मासे खातात. मोठेपणी ती खोल समुद्राकडे वळून माकुळांवर व मोठ्या माशांवर जगतात. वाघशार्क लहानपणी मासे आणि सागरी साप खातो. मोठा झाल्यावर कासवे, सागरी सस्तन प्राणी आणि इतर शार्कही त्याच्या भक्ष्यात येतात. पांढरा शार्क सुमारे तीन मीटर लांब होईपर्यंत मुख्यतः मासे खातो, त्यानंतर सीलकडे वळतो. त्याचे निमुळते दात रुंद व करवती होतात, जबड्याची कूर्चा कठीण बनते. थोडक्यात, एकाच जातीचे लहान आणि मोठे शार्क हे समुद्राच्या अर्थव्यवस्थेतले दोन निराळे घटक होत.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास सरासरीचा धोका सांगावा लागत नाही. पाळण्यातले मूल आणि कमावता माणूस यांची बेरीज करून कुटुंबाची मिळकत कळत नाही, तद्वतच ‘इतके टन शार्क पकडले’ या आकड्यावरून समुद्रात काय उरले ते कळत नाही.

तथापि, मोठे शार्क गेले की अमुकच घडते, अशी सरळ साखळी जोडण्याचा मोहही टाळावयास हवा. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर मोठे शार्क घटले, त्यामुळे पाकट वाढले आणि त्यांनी नॉर्थ कॅरोलायनातील स्कॅलप शिंपले फस्त केले, असा निष्कर्ष २००७ साली ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच्या आधारे पाकट मारण्यास उत्तेजनही मिळाले. २०१६ साली झालेल्या फेरतपासणीत मात्र या घटनांचा काळ जुळत नसल्याचे दाखविण्यात आले. शिवाय त्या जातीचे पाकट उशिरा वयात येते व बहुधा एका वेळी एकच पिल्लू देते, मग ते इतक्या झपाट्याने वाढेल कसे? वय आणि वाढ यांचा हिशेब न करता धोरण आखले की निरपराध जातीवर कुऱ्हाड पडते, ती अशी.

आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. २००१ साली देवमुशीस वन्यजीव कायद्याचे संरक्षण मिळाले. २०१५ साली शार्कच्या परांच्या निर्यातीवर बंदी आली. हॅमरहेडच्या तीन प्रमुख जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणण्याचा निर्णय २०१३ सालीच झाला होता. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकारमान ठरविले. हे पाऊल स्वागतार्हच आहे. परंतु किमान आकाराचे तत्त्व ज्या माशाची मादी हजारो-लाखो अंडी घालते त्याला मानवते; तिला एकदा अंडी घालू दिली की पुष्कळ साधते. हॅमरहेडची मादी एका वेळी फार तर काही डझन पिल्ले देते. तेथे लहानग्यांना सोडून मोठ्यांना पकडणे म्हणजे मुद्दल खर्चून व्याजाची वाट पाहणे होय. शिवाय जाळे वय विचारीत नाही. मेलेले पिल्लू बाजारात अडविल्याने ते जिवंत होत नाही.

म्हणून दोन्ही टोके सांभाळली पाहिजेत. पिल्ले ज्या उथळ पाण्यात वाढतात तेथे त्या हंगामापुरती जाळी आवरणे आणि व्यालेल्या, मोठ्या माद्या जिवंत सोडणे, हे दोन्ही आवश्यक आहे. याचा भुर्दंड एकट्या कोळ्याने सोसावा असे म्हणणे अन्यायाचे होईल. संरक्षित सागरी प्राणी सोडविताना फाटलेल्या जाळ्यापोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्राने २०१८ सालीच आखली आहे. तीच वाट पुढे नेता येईल. त्याकरिता प्रथम बंदरावरील नोंदवहीत वजनाच्या रकान्याशेजारी जात आणि लांबी यांचे दोन रकाने वाढवावेत. खर्च अल्प आहे. पण त्यावाचून आपण काय विकतो आहोत, हेच आपल्याला कळणार नाही.