कोरड्या तोंडाची तक्रार वयावर ढकलू नका

तोंडाला सारखी कोरड पडते, पाण्याच्या घोटाशिवाय भाकरी गिळवत नाही, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, असे पन्नाशीतली बाई सांगते तेव्हा घरी आणि दवाखान्यातही तिला बहुधा वय, पाळी जाणे किंवा ताण हीच कारणे ऐकवली जातात. त्यातल्या काहीजणींना शोग्रेन सिंड्रोम असतो. हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञांनी १९३३ साली आपल्या प्रबंधात अशा १९ स्त्रियांची नोंद केली, त्यातल्या बहुतेकींचे सांधेही दुखत होते. आजही दर दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रियाच असतात. तक्रार बायकांची म्हणून ती हलकी धरली जाते, हे मला अन्यायाचे वाटते.

हा झिजेचा आजार नाही, ताबा सुटल्याचा आहे. स्वतःच्याच शरीरावर उलटू शकणाऱ्या पेशी निरोगी माणसातही असतात. त्यांना आवरणाऱ्यांमध्ये नियामक टी पेशी महत्त्वाच्या. त्यांच्या शोधासाठी साकागुची, ब्रंको आणि रॅम्सडेल या शास्त्रज्ञांना २०२५ चे नोबेल मिळाले. शोग्रेनमध्ये हा आवर पुरा पडत नाही. लिम्फोसाइट पेशी लाळग्रंथींत ठाण मांडतात, बी पेशी बेसुमार चेतवल्या जातात आणि बऱ्याच रुग्णांच्या रक्तात ‘रो’ या स्वतःच्याच प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे सापडतात. कित्येकदा ग्रंथीचा बराच भाग शाबूत असूनही लाळ सुटत नाही. निव्वळ वयाने याचा उलगडा होत नाही.

मुळापासून बरे करणारे औषध नाही, मग निदान करून उपयोग काय, असे विचारले जाते. बी पेशी घटवणाऱ्या रिटुक्सिमॅबच्या मोठ्या चाचण्या मुख्य कसोटीवर अपयशी ठरल्या, हे खरेच. पण साधारण विसांत एका रुग्णाला पुढे लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग, होतो. गालाजवळची ग्रंथी सतत सुजलेली राहिली तर त्याची शंका वेळीच घ्यावी लागते. ‘रो’ प्रतिपिंडे असलेल्या आईच्या पोटातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावण्याचा धोका एक-दोन टक्के असतो, म्हणून गरोदरपणात गर्भाच्या हृदयावर लक्ष ठेवता येते. लाळेविना झपाट्याने किडणारे दात फ्लोराइडने वाचवता येतात, पिलोकार्पिन या औषधाने लाळ वाढवता येते. एवढे हाती असताना निदानच टाळणे समर्थनीय नाही.

प्रत्येक कोरड्या तोंडाची तपासणी परवडणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. मधुमेहाने आणि ॲलर्जी किंवा नैराश्याच्या गोळ्यांनीही तोंड सुकते. म्हणून आधी गोळ्यांची यादी आणि साखर पाहावी. त्यात कारण सापडले नाही, तर डोळ्यांत कागदाची पट्टी ठेवून अश्रू मोजणे, ठरावीक वेळात जमणारी लाळ मोजणे आणि ‘रो’ची रक्तचाचणी करावी. ओठातला तुकडा काढून तपासणे शंका उरल्यासच. डोळे आणि तोंड तीन महिन्यांहून अधिक काळ कोरडे असतील, तर वयाचे कारण मान्य करू नका. संधिवाततज्ज्ञांना गाठा आणि या चाचण्यांबद्दल स्वतःहून विचारा.