छंदाला कामाला लावू नका

कुणी सुखासुखी बसलेला दिसला की त्याला सल्ला द्यावा, ही आपली फार जुनी खोड आहे. पूर्वी हे सल्ले लग्न, नोकरी आणि पोट साफ राहण्याचे उपाय या तीन विषयांपुरते असत. हल्ली त्यात चौथ्याची भर पडली आहे. छंद! "तुम्ही पेटी वाजवता? अरे वा! मग तिचं पुढे काही करत का नाही?"

आता पेटीचं पुढे काय करायचं असतं? डाव्या हाताने भाता मारायचा, उजव्या हाताने पट्ट्या दाबायच्या. ते मी करतोच. यापुढे तिचं काही करायचं म्हटलं तर जुन्या बाजारात नेऊन विकणं, एवढंच शिल्लक राहतं.

माझा पोटापाण्याचा धंदा सॉफ्टवेअर लिहिण्याचा. म्हणजे दिवसभर यंत्राला अक्कल शिकवायची आणि संध्याकाळपर्यंत त्याने आपली काढायची. या धंद्यात प्रत्येक गोष्ट मोजतात. सकाळी सगळ्यांनी उभं राहून, काल काय केलं आणि आज काय करणार, हे सांगायचं असतं. उभं अशासाठी, की पाय दुखायला लागले म्हणजे माणूस बोलणं आवरतो. (हा उपाय आपल्या साहित्य संमेलनात का करत नाहीत कोण जाणे!) प्रत्येक कामाचं तिकीट निघतं, तिकिटाला गुण मिळतात आणि गुणांचा आलेख काढतात. हा आलेख खाली खाली गेला तर ती प्रगती समजायची. असा दिवस काढून घरी आलेला माणूस, जिला तिकीट नाही, गुण नाहीत, आलेख नाही, अशी एखादी गोष्ट शोधतो. मला पेटी सापडली.

गेली अकरा वर्षं मी भूप वाजवतो आहे. भूपात स्वर पाचच. म्हणजे सप्तकातल्या बारांपैकी चुकायला सात शिल्लक. मी त्या सातांनाही न्याय देतो. शेजारच्या काकूंनी एकदा जिन्यात थांबवून "काल फारच गोड वाजवलंत हो!" असं म्हटलं. काल मी पेटी उघडलीच नव्हती. तरीही मी आनंदात आहे, कारण ऑफिसात एक अक्षर चुकलं तर रात्री दोन वाजता फोन येतो. इथे चुकलं तर फार तर कोमल निषाद लागतो, आणि त्याची तक्रार घेऊन कुणी येत नाही. ज्यात बिनदिक्कत वाईट असण्याचा हक्क मिळतो, त्याला मी छंद म्हणतो. बाकी सगळी नोकरीच!

नेमका हाच हक्क लोकांना बघवत नाही. माझा भाचा म्हणतो, "मामा, तू रील कर. पण पहिल्या तीन सेकंदांत लोकांना पकडलं पाहिजे." पहिल्या तीन सेकंदांत माझा भाता भरत असतो! ऑफिसातला एक सहकारी म्हणतो, रियाज मोजणारं अ‍ॅप घ्या. रोज वाजवलं की एक ज्योत पेटते, एक दिवस चुकला की विझते. म्हणे त्यामुळे शिस्त लागते. आता ही ज्योत कशी पेटते, ते माझ्यासारख्या कोडवाल्याला विचारा. शेवटच्या रियाजाची तारीख कालची असेल तर आकड्यात एक मिळवा, नसेल तर पुन्हा एकापासून सुरू करा. दोन ओळींचं काम! अखंड नंदादीप बिघडल्यासारखी माणसं ज्या ज्योतीसाठी ताप आलेला असतानाही अंथरुणातून उठतात, ती एवढीच असते.

तुम्ही म्हणाल, लेखक महाशय उगाच राईचा पर्वत करताहेत. पेटीपुरतं असतं तर मीही गप्प बसलो असतो. पण आमच्या वडिलांचं काय झालं ते ऐका. निवृत्त झाल्यापासून ते रोज संध्याकाळी वेताळ टेकडीवर जात. चौघे जण. वर एका ठरलेल्या दगडावर बसून महागाई, गुडघे आणि जावई या विषयांचा परामर्श घ्यायचा आणि अंधार पडायच्या आत उतरायचं. मग नातवाने त्यांना पावलं मोजणारं घड्याळ भेट दिलं. घड्याळाने फर्मान काढलं, रोज दहा हजार! आता दगडावर बसलेल्या अर्ध्या तासाची पावलं किती? शून्य. वडील दगडावर थांबेनासे झाले. तरी आकडा भरत नाही, म्हणून रात्री पावणेअकराला जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या सुरू झाल्या. आईने पहिल्या दिवशी विचारलं, "अहो, काय हरवलंय?"

इतका अचूक प्रश्न आमच्या घरात गेल्या कित्येक वर्षांत कुणी विचारला नव्हता.

बरं, हे दहा हजार आले कुठून? कुठल्या धन्वंतरीने नाडी पाहून सांगितले नव्हते. १९६५ साली जपानात एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं. त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आकडा मालाच्या नावात होता, तो तिथून जगाच्या डोक्यात शिरला. पुढे २०१९ साली अमेरिकेत वयस्कर स्त्रियांचा अभ्यास झाला, तेव्हा साधारण साडेसात हजारांपुढे फायदा फारसा वाढत नाही असं दिसलं. म्हणजे उरलेले अडीच हजार वडील टेबलाभोवती निव्वळ जाहिरातीखातर चालत होते.

मोजण्याशी माझं वैर नाही. डॉक्टरांनी साखर मोजायला सांगितली तर मोजावी, दूधवाल्याचे खाडे मोजावेत, भाजीवालीने दिलेली सुटी नाणी तर दोनदा मोजावीत. पण गप्पा, भूप आणि संध्याकाळ या गोष्टी तराजूत टाकायच्या नसतात. त्या मोजल्या की कमीच भरतात.

यावर आमच्या धंद्यातले लोक हटकून एक दाखला तोंडावर फेकतात. "मग लिनक्सचं काय?" खरं आहे. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरव्हाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण एक ऑपरेटिंग सिस्टीम करत असल्याचं जाहीर केलं, आणि आज अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनच्या पोटात तिचा गाभा आहे. पण जाहीर करताना त्याने काय म्हटलं होतं? की हा आपला नुसता छंद आहे, हे काही मोठं व्हायचं नाही! त्याला कुणी "याचं पुढे काय?" असं रोज विचारलं असतं, तर तो बिचारा पुढचं ठरवण्यातच पदवीधर झाला असता. आमच्या शास्त्रातले भीष्माचार्य डोनाल्ड क्नूथ यांनी तर घरात चक्क पाइप ऑर्गन बसवून घेतला आणि १ जानेवारी १९९० पासून ईमेल वापरणं सोडलं. त्या ऑर्गनचं पुढे काय केलंत, असं त्यांना विचारायला कुणी धजेल? मग आमच्या पेटीनेच काय घोडं मारलंय?

तेव्हा माझी सर्व हितचिंतकांना हात जोडून विनंती आहे. कुणी बाग करत असेल तर त्याच्या दारची चार जास्वंदीची फुलं देवाला न्या, नर्सरी काढायला सांगू नका. कुणाच्या घरचं लोणचं आवडलं तर आणखी एक फोड मागा, बाटलीला लेबल सुचवू नका. आणि चार म्हातारे दगडावर बसलेले दिसले तर त्यांना बसू द्या.

माझ्यापुरतं म्हणाल, तर सध्या पावसाळी हवेने पेटीची धैवताची पट्टी फुगली आहे. एकदा दाबली की वर येत नाही, कुकरच्या शिट्टीसारखी वाजत राहते. ऊन पडलं की आपोआप सुटेल. तोवर भूप चार स्वरांतच वाजवायचं ठरवलं आहे. चुकायला तेवढीच एक जागा वाढली.